भिंतीची ओल आणि पेन्सिलीची रेघ

चतुर्थीच्या तोंडावर गोव्यातील घराघरांत रंगकाम निघते. ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे खरवडले जातात, ओलरोधक रंगाचे दोन हात बसतात आणि भिंत मे महिन्यापर्यंत कोरडी राहते. 'रंगाने काम केले' असे आपण म्हणतो. पुढच्या जुलैत त्याच जागी तोच डाग उमटतो. वास्तविक चतुर्थीनंतर पाऊस ओसरतो. रंग दिला नसता तरी भिंत वाळलीच असती. उपायापाठोपाठ गुण आला म्हणून तो उपायामुळेच आला, हे गृहीत धरण्याची चूक अशा वेळी हजारो रुपयांना पडते.

गवंडी गच्चीकडे बोट दाखवतो, प्लंबर नळाकडे, रंगारी जुन्या रंगाकडे. तिघेही प्रामाणिक असू शकतात. शास्त्रीय पद्धत मात्र प्रत्येक तर्काला एक प्रश्न विचारायला लावते: हा तर्क खरा असेल तर आणखी काय दिसायला हवे, आणि काय दिसले तर तो सोडून द्यावा?

आधी पाणी भिंतीतून येते की हवेतून, हे पाहावे. दमट हवा गार भिंतीला लागली की बाष्पाचे पाणी होते. कपाटामागची बुरशी पुष्कळदा याचीच असते, आणि दम्याच्या रुग्णाला ती बाधते. भिंत कोरडी पुसून स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बसवावा. (ओल्या गिलाव्यावर चिकटपट्टी धरत नाही, कडेची जागा आधी वाळवावी लागते.) दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर पाणी हवेतले, भिंतीच्या बाजूला दिसले तर ओल आतली. असाच एक तुकडा घरातील कोरड्या भिंतीवरही लावावा. हा दुसरा तुकडा बहुतेक जण वगळतात; पण त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पहिल्याचा अर्थ लागत नाही.

ओल आतली ठरली तर डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. चार-चार दिवसांनी नवी रेघ, सोबत पावसाची नोंद. सरींनंतर डाग रेघेबाहेर जात असेल आणि उघडीप मिळताच थांबत असेल, तर पाणी पावसाचे असण्याचा संभव अधिक. पावसाशी त्याचे काही देणेघेणे नसेल, तर नळाची शंका घ्यावी. जोत्यापासून वर चढून कमरेच्या आसपास थांबणारी, पांढरे क्षार सोडणारी ओल बहुधा जमिनीतली असते. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीत पाणी झिरपायला वेळ लागतो, म्हणून एका सरीवरून निकाल देऊ नये. डाग विजेच्या बटणांजवळ असेल तर मात्र प्रथम प्रवाह बंद करून वायरमनला बोलवावे.

नळाची शंका फेडण्यासाठी रात्री टाकीत येणारे पाणी बंद करावे, सर्व नळ मिटवावेत आणि पातळीवर खूण करावी. सकाळी ती उतरली असेल तर गळती आहे. अर्थात ती फ्लशच्या टाकीचीही असू शकते. तिच्यात खाण्याचा रंग टाकून अर्ध्या तासाने भांडे पाहिले की उलगडा होतो. पातळी जागेवर राहिली तरी सांडपाण्याची वाहिनी संशयित उरतेच.

दुरुस्तीही एका वेळी एकच करावी. आमच्या घरी एकाच आठवड्यात गच्ची लिंपली आणि नळही बदलला. भिंत वाळली, कशाने वाळली, हे आजतागायत कुणाला सांगता आलेले नाही.