पेट्रोलच्या थेंबाचा हिशेब

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरखर्चाची यादी करायला बसले की किराणा, दूध, विजेचे बिल, मुलांची फी यांच्या जोडीला आता एक ओळ ठळकपणे लिहावी लागते, ती म्हणजे पेट्रोल. एके काळी दारात स्कूटर असणे ही चैन समजली जाई. आज नारायण पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाड्याच्या बोळात दुचाकी लावायला जागा मिळत नाही, इतकी ती गरजेची झाली आहे. नोकरी हडपसरला, कॉलेज कर्वे रस्त्याला आणि घर पेठेत, अशी अनेकांची स्थिती आहे. म्हणून पेट्रोल महाग आहे अशी नुसती तक्रार न करता, आपल्या हातात काय आहे याचा विचार या लेखात करावा असे आम्ही ठरवले.

भाव आपल्या हातात का नाही?

आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणतो. त्यामुळे दूर कुठे तरी युद्ध पेटले की त्याची झळ आपल्या टाकीपर्यंत पोहोचते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पेट्रोल दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीमुळे आणि ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यामुळे पुन्हा तोच अनुभव आला. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून देशभर ते रोज ठरू लागले. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. भावात केंद्राचा आणि राज्याचा कर असतो, तोही आपण ठरवत नाही. आपण ठरवतो ती एकच गोष्ट : एका लिटरमध्ये किती अंतर जायचे.

आधी मोजा, मग बोला

बँकेतल्या कामाने आम्हाला एक सवय लावली आहे. ताळा जुळल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. गाडी ॲव्हरेज देत नाही असे सगळेच म्हणतात, पण किती देते हे विचारले तर नेमके उत्तर फार थोडे देतात. त्याची रीत सोपी आहे. एकदा टाकी फुल करावी आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीसारखी गाडी वापरून पुन्हा टाकी फुल करावी. दुसऱ्या वेळी जितके लिटर पेट्रोल बसले, त्याने मधल्या किलोमीटरला भागावे. असे तीन-चार वेळा केले की खरा आकडा हाती येतो.

आमचाच अनुभव सांगतो. आमच्या स्कूटरचे ॲव्हरेज काही महिन्यांत बरेच उतरले. आम्ही पंपावर संशय घेतला, दोनदा पंप बदलला, तरी वहीतला आकडा हलेना. शेवटी एका मेकॅनिकने गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवून दाखवले. ब्रेक इतका आवळलेला होता की चाक सतत घासत होते. म्हणजे एका हाताने रेस द्यायची आणि नकळत ब्रेकही दाबून ठेवायचा, असे आम्ही महिनोन् महिने करत होतो. पाच मिनिटांत ब्रेक सैल झाला. मोजले नसते तर आजही आम्ही पंपालाच दोष देत बसलो असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमधून लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा मिळते. त्यामुळे आकडा थोडा खाली येणे स्वाभाविक आहे. फार खाली आला तर मात्र दोष गाडीत किंवा चालवण्यात शोधावा.

पेट्रोल जाते कुठे?

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. उरलेल्या शक्तीतून चाक फिरते. ही शक्ती कुठे कुठे खर्च होते हे समजले की उपाय आपोआप सुचतात.

पहिला खर्च टायरचा. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त चेपतो आणि इंजिनाला अधिक जोर लावावा लागतो. किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासून घ्यावी. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाची हवा पुस्तिकेप्रमाणे वाढवावी. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असा हा उपाय आहे.

दुसरा खर्च ब्रेकचा. गाडीला वेग देण्यासाठी जे पेट्रोल जाळले, ते ब्रेक दाबताच उष्णता होऊन उडून जाते. लक्ष्मी रस्त्यावर गर्दीच्या वेळी जोरात रेस करून पुढच्या रिक्षामागे करकचून थांबणारे अनेक जण दिसतात. त्यांना वेळही वाचत नाही. समोर नजर ठेवावी, अलका टॉकीज चौकाचा सिग्नल लाल दिसत असेल तर दुरूनच रेस सोडावी आणि गाडी आपल्या वेगाने पुढे येऊ द्यावी.

तिसरा खर्च वाऱ्याचा. वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर दुचाकी ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटरच्या आसपास एकसारख्या वेगाने चालवणे किफायतशीर ठरते. गिअरची गाडी असेल तर वेगाला शोभेल तोच गिअर ठेवावा आणि हाफ क्लचवर गाडी ओढू नये. त्याने पेट्रोल तर जातेच, पण क्लच प्लेटही जळते.

चौथा खर्च उभ्या गाडीचा. इंजिन चालू आणि गाडी थांबलेली, तेव्हा ॲव्हरेज शून्य असते. सिग्नलवर आकडे उलटे मोजले जातात, ते पाहून अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. १९७८ मध्ये स्थापन झालेली पीसीआरए ही इंधन बचतीचा प्रचार करणारी केंद्र सरकारची संस्था हेच सांगत आली आहे.

याशिवाय एअर फिल्टर धुळीने भरला की इंजिनाला श्वास घेता येत नाही. पुण्यात सतत कुठे ना कुठे खोदकाम चालू असते, तेव्हा त्याकडे लक्ष हवेच. मोटारसायकलची चेन कोरडी किंवा फार आवळलेली नसावी. डिकीत उगाच साठलेले सामान उतरवावे.

काही गैरसमज

पहाटे पेट्रोल थंड असते म्हणून तेव्हा भरले की जास्त मिळते, असे सांगितले जाते. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. तेव्हा त्यासाठी झोपमोड करण्याचे कारण नाही. दुसरा समज धोक्याचा आहे. कात्रज किंवा दिवे घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून, कधी इंजिन बंद करून सोडून देणारे लोक आहेत. त्यात गाडीवरचा ताबा जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंधन इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत गिअरमध्ये असताना रेस सोडली की बहुतेक वेळा इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. मग जिवावर उदार होऊन वाचवायचे ते काय?

सर्वांत मोठी बचत

थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन किलोमीटरला जास्त पेट्रोल खाते. म्हणजे अगदी जवळच्या फेऱ्या सर्वांत महाग पडतात. पत्र्या मारुतीपासून अप्पा बळवंत चौकात वही-पुस्तकासाठी जायला चालत दहा-बारा मिनिटे पुरतात. गाडी काढली तर एकेरी रस्त्यांचा वळसा आणि पार्किंगसाठी शोधाशोध यांतच तितका वेळ जातो. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, ते उगाच नव्हे. नदीपलीकडे डेक्कन जिमखान्याला १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो थांबते. लांबच्या कामाला ती आणि पीएमपीची बस आहे. शेजारचे दोघे एकाच दिशेला जात असतील तर दोन गाड्या कशाला?

हिशेब कोणासाठी?

आता आकडे पाहू. रोज २० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० किलोमीटर होतात. दुर्लक्षित गाडी लिटरला ४० देत असेल तर साडेबारा लिटर लागते. तीच नीट राखून, नीट चालवून ५० देऊ लागली तर दहा लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिना अडीचशे, वर्षाचे तीन हजार रुपये वाचतात.

हा आकडा काहींना लहान वाटेल. परंतु आपल्याच समाजातली कितीतरी मुले दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी घरोघर पार्सल पोहोचवण्याचे काम करतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरावे लागते. दिवसाला शंभर किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस गाडी फिरली, तर वरच्याच हिशेबाने महिन्याला १३ लिटर, म्हणजे तेराशे रुपये वाचतात. वर्षाचे पंधरा हजार सहाशे! त्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतील, अभ्यासिकेची फी भागेल. विद्यार्थी मित्रांनो, ती बचत नसून तुमची मजुरीच आहे. ती धुराबरोबर जाऊ देऊ नका. घाईने सिग्नल तोडून मात्र ती मिळत नाही, शांतपणे चालवूनच मिळते.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचे भिक्षू काय करणार, अशी शंका राजाला आली. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने होतील. ती जुनी झाली की जमिनीवर अंथरायला, मग पाय पुसायला, मग धूळ झटकायला आणि अखेर चिंध्या मातीत कालवून जमीन सारवायला. काहीच वाया जात नाही हे ऐकून राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. दान घेणाऱ्याने ते कसे वापरावे, याचा याहून चांगला धडा नाही.

तेल हेही पृथ्वीचे दानच आहे, आणि ते एकदाच मिळते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेठेच्या अरुंद गल्ल्यांत कोंडलेला धूर आपलीच लहान मुले श्वासावाटे घेतात. तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्रमादाने, म्हणजे सावधपणे वागण्यास सांगितले. रेस देणाऱ्या मुठीवर आणि ब्रेकवरच्या बोटांवर लक्ष असणे हाही त्या सावधपणाचाच एक लहानसा भाग आहे, असे आम्हाला वाटते.

शेवटी एक सूचना. प्रत्येक सभासदाने तीन महिने वही ठेवावी. जितके रुपये वाचतील त्यातले निम्मे घरी ठेवावेत आणि निम्मे संस्थेच्या विद्यार्थी साहाय्यासाठी द्यावेत. महिना अडीचशेची बचत करणारे पन्नास सभासद निघाले तरी वर्षाला पंचाहत्तर हजार रुपये उभे राहतात. त्यासाठी कोणाच्याही खिशाला जादा तोशीस नाही. टायरमध्ये थोडी हवा आणि मनात थोडा धीर, एवढेच भांडवल पुरे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!