वर्गणीचा प्रेक्षक आणि तिकिटाचा प्रेक्षक

बुलढाणा जिल्ह्यात खेळ बघायला तिकीट काढायची सवय फारशी कुणाला नाही. यात्रेतल्या कुस्त्या, शंकरपट, रात्रीची कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, सगळं उघड्यावर चालतं. खर्च आधीच वर्गणीतून निघालेला असतो. सामन्यांचं पत्रक हातात घ्या: पहिलं बक्षीस कुणाकडून, दुसरं कुणाकडून, ढाल कुणाच्या स्मरणार्थ, याच्यातच पाऊण कागद संपतो. खेळणाऱ्या संघांची नावं कुठे दिसत नाहीत. ती सामन्याच्या दिवशी कळतात आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते.

कबड्डीच्या मैदानाभोवती हॅलोजनच्या उजेडात माणसं दाटून बसतात. पुढे पोट्टे मांडी घालून, मागे मोठी माणसं उभी, त्यांच्या मागे ट्रॉलीवर चढलेले. एखाद्याने एका चढाईत तिघांना बाद केलं की माइकवरून पुकारा होतो, अमक्या दादांकडून शंभर रुपये. दादा रिंगणात येतात, नोट खेळाडूच्या हातात ठेवतात आणि दोन मिनिटं त्यांचाच सामना असतो. त्यांनी तिकीट काढलेलं नाही, पण तिकिटापेक्षा जास्त पैसे दिलेत, आणि तेही खेळ आवडल्यावर. आरडाओरडा करायचा हक्क या माणसाला वेगळा मागावा लागत नाही. तो यजमानच असतो.

फुटबॉलच्या तिकिटांचे दर आणि गर्दीचा माहोल यांचा विचार मी या यजमानापासून सुरू करतो, कारण महाराष्ट्रातल्या फुटबॉलचं दुखणं मला इथेच सापडतं.

मुंबईत इंडियन सुपर लीगचा सामना बघायचा म्हटलं तर बुलढाण्याच्या माणसाला तिकिटाची किंमत शेवटी आठवते. मलकापूर किंवा शेगावहून रात्री विदर्भ एक्सप्रेसने निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवस काढायचा. सामने बहुतेक संध्याकाळी साडेसातचे, आणि परतीची विदर्भ मुंबईहून सातच्या सुमाराला सुटलेली. म्हणजे मुक्काम आला. गाडीभाडं, खाणं, लॉज आणि बुडालेली दोन दिवसांची मजुरी धरली की तिकीट त्यात चिल्लर ठरतं. दर कमी करा म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडायला हवा. सरकारने मात्र सवलतीची एक रेघ ओढून ठेवली आहे: मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के. आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के.

बरं, मुंबईत राहणारे तरी जातात का? १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. मैदान तेच, संघ तोच, वर धो धो पाऊस, आणि तिकिटं संपलेली. भारत ३-० ने जिंकला. माझ्या मते ही गर्दी तिकिटाच्या दराने आली नव्हती. कर्णधाराने घरी येऊन बोलावल्यासारखं बोलावलं, म्हणून ती आली. लग्नाची पत्रिका पोस्टाने आली तर जायचं की नाही यावर खल होतो. कुणी हातात अक्षता दिल्या की जावंच लागतं.

महाराष्ट्रात फुटबॉलला असं रोजचं आमंत्रण एकाच गावात आहे, कोल्हापुरात. तिथले संघच तालमींचे आणि मंडळांचे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. म्हणजे ज्या मंडळाचा गणपती, त्याचाच फुटबॉल, आणि वर्गणी देणारा हातही एकच. छत्रपती शाहू स्टेडियमवर हंगामात पेठा समोरासमोर बसतात. तिथलं तिकीट इतकं साधं असतं की त्यावर कुणी चर्चा करत नाही; चर्चा असते यंदा कोणत्या तालमीने कुठला परदेशी खेळाडू आणला याची. नायजेरिया-घानाच्या पोरांना तिथे पेठेतल्या माणसासारखी हाक मारली जाते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

अर्थात या मालकीला दुसरी बाजू आहे. यजमान रुसतो तसा हातघाईवरही येतो. शाहू स्टेडियमवर दगड, बाटल्या, हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबले आहेत, पोलिसांचा बंदोबस्त वाढला आहे. त्याला जिवंत माहोल म्हणून गोंजारणाऱ्यांशी माझं जमत नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक मेले, ते याच प्रेमापोटी जमले होते.

इंग्लंडने गर्दीच्या सुरक्षेच्या प्रश्नावर महागडा इलाज केला. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत शेवटी ९७ बळी गेले. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर मोठ्या मैदानांवर उभं राहण्याच्या जागा जाऊन खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या म्हणून दर भरमसाठ वाढवायची गरज नाही, असं टेलर यांनीच लिहिलं होतं. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण दिलं होतं, खुर्ची सहा पौंड, उभ्याने चार. तेवढा भाग क्लबांनी सोयीने विसरला. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाविरुद्ध बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. तेव्हा संघ २-० ने पुढे होता. सामना २-२ सुटला. काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेतली.

जर्मनीत क्लबातली बहुमताची मतं सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे. डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण बाजूला आजही सुमारे २५ हजार लोक उभे राहून, तुलनेने स्वस्तात सामना बघतात. लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल फेकून सामने थांबवले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत गुंडाळावा लागला. आपल्याकडच्या सहकारी कारखान्याच्या सर्वसाधारण सभेतला गोंधळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता उलटा नमुना. १३ डिसेंबर २०२५, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. मेस्सीला बघायला लोकांनी हजारो रुपये मोजले होते. तो आला, मंत्री, अधिकारी आणि फोटोवाल्यांच्या गराड्यात हरवला आणि अर्ध्या तासाच्या आत निघून गेला. मग खुर्च्या उखडल्या गेल्या, बाटल्या उडाल्या, आयोजकाला अटक झाली. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर कार्यक्रम सुरळीत पार पडला, पण तोही दर्शनाचाच. सॉल्ट लेकवर संतापली ती गिऱ्हाईकं: पैसे दिले, माल मिळाला नाही. मोहन बागान हरला म्हणून रडणारा माणूस त्या दिवशी तिथे असेलही, पण त्या तिकिटाने त्यालाही गिऱ्हाईक करून टाकलं.

बुलढाण्याकडे वळतो. १५ सप्टेंबर २०१७ ला ‘मिशन वन मिलियन’मध्ये राज्यभरातल्या शाळांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळला, आपल्याकडेही चेंडू आले. त्यानंतरच्या महिन्यात सतरा वर्षांखालील विश्वचषकाला देशभरात १३,४७,१३३ प्रेक्षक आले, या वयोगटाचा तो विक्रम ठरला. चेंडू शाळेत राहिले, प्रेक्षक शहरांत. आता पुन्हा राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’मधून तेरा वर्षांखालच्या मुलामुलींची निवड झाली आहे. ती चांगलीच गोष्ट आहे, पण त्यातही बघणाऱ्यांचा विचार कुठे दिसत नाही.

मला विचाराल तर बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूर अशी तालुक्यांची स्पर्धा भरवावी आणि पहिली दोन वर्षं तिकीट लावूच नये. पत्रक छापावं, गावोगाव वर्गणी मागावी, गोल केला की माइकवर बक्षीस पुकारू द्यावं. तिसऱ्या वर्षी दहा-वीस रुपये लावले तर लोक कुरकुरत का होईना देतील, कारण तोवर संघ त्यांचा झालेला असेल. फक्त सामना साडेसातला ठेवू नका. दुपारी चारला सुरू करा, म्हणजे मेहकरच्या माणसाला शेवटची एसटी मिळेल.