जाळी काढलेली गाडी

रात्रीचे साडेदहा झाले की आमच्या गल्लीत बुलेट येते. येते म्हणजे आधी तिचा आवाज येतो, मग ती. वळणावर पोराचा अंगठा बटणावर जातो, इंजिनातली ठिणगी क्षणभर तुटते, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेट घेतं आणि तोफ डागल्यासारखे दोन-तीन बार निघतात. कुत्री उठतात. समोरच्या घरातलं तान्हं मूल रडू लागतं. पलीकडे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना बोलता येत नाही, पण आवाज झाला की चालता असलेला हात उशीवर आपटत राहतात, असं त्यांच्या सूनबाई सांगतात.

बुलडाणा तसं शांत गाव. डोंगरमाथ्यावरचं, उन्हाळ्यातही जरा बरी हवा असणारं. इथं रात्री दहानंतर पूर्वी रातकिडे तेवढे ऐकू यायचे. तेव्हा कॉलनीतल्या मंडळींनी ठरवलं की पोलिसांत अर्ज द्यायचा. अर्ज कोण लिहिणार? अर्थात मी. बँकेत हयात घालवलेल्या आणि वर कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाकडे लोक दोनच कामं घेऊन येतात : अर्जाचा मसुदा करून द्या, नाहीतर लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाहून द्या.

कलम वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही जुनी खोड. म्हणून मोटार वाहन कायदा काढून बसलो. १९८८ चा कायदा, २०१९ मध्ये दुरुस्त झालेला. आवाजाची ठरवून दिलेली मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९० प्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय वाहन चालवण्याचा परवाना तीन महिन्यांसाठी बाद. मालकानं गाडीत परस्पर फेरफार केला तर त्याची शिक्षा वेगळी. राज्यातल्या काही शहरांत तर पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला आहे. हे वाचलं आणि पेन खाली ठेवलं. कारण हा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो आहे. पहाटे साडेचारला मैदानावर धावायला जातो, दिवसा मोबाइलच्या दुकानात काम करतो, संध्याकाळी अभ्यासिकेत बसतो आणि तिथून साडेदहाला घरी येतो. वडील एसटीत चालक आहेत. बुलेटचे हप्ते अजून फिटायचे आहेत. भरतीच्या तोंडावर चारित्र्य पडताळणीत पोलिसांच्याच खात्याचा खटला निघाला, तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

पेन खाली ठेवायला आणखी एक कारण होतं. ते मी कॉलनीत कुणाला सांगितलेलं नाही.

१९८७ साली मी मोताळा तालुक्यातल्या एका शाखेत क्षेत्र अधिकारी होतो. खोली बुलडाण्यात, नोकरी घाटाखाली. बँकेच्या कर्जातून मी यामाहा आरएक्स १०० घेतली होती. एस्कॉर्ट्सनं जपानी यामाहाच्या सहकार्यानं १९८५ मध्ये आणलेली ही गाडी ज्यांनी चालवली आहे, त्यांना तिच्याविषयी सांगायला नको. ९८ सीसीचं इंजिन, अकरा अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. मूठ पिळली की पुढचं चाक हलकं व्हायचं. यामाहाच्या बोधचिन्हात एकमेकांवर रचलेले तीन नादकाटे आहेत, शाळेच्या प्रयोगशाळेत असायचे तसले. ते तिथं कसे आले याची गोष्ट मला फार नंतर कळली. तोराकुसु यामाहा या कारागिरानं १८८७ मध्ये हमामात्सु गावातल्या एका शाळेची बिघडलेली पायपेटी दुरुस्त केली आणि मग स्वतःच पायपेट्या बनवायला घेतल्या. बालगंधर्वांच्या नाटकात साथीला असायची त्या जातीचं वाद्य! मोटारसायकलींची कंपनी त्यातून १९५५ मध्ये वेगळी निघाली.

आता टू-स्ट्रोक गाडीचं असं असतं की पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं आणि त्याची काजळी सायलेन्सरच्या आतल्या जाळीवर चढते. मग काही महिन्यांनी शेपटाकडचा बोल्ट काढून जाळी बाहेर ओढायची, आगीत टाकायची, ठोकून झाडून परत बसवायची. एकदा मिस्त्री म्हणाला, "साहेब, जाळी राहू द्या बाहेर. दोन दिवस चालवून तर पाहा." मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. राजूर घाटात पहिल्या वळणावर मूठ पिळली आणि डोंगरानं तो आवाज परत माझ्याकडे फेकला. दोन दिवसांचे दोन महिने झाले.

त्या आवाजानं गाडी जोरात पळते असं वाटायचं. प्रत्यक्षात चढाला खालच्या वेगात ती दम टाकू लागली होती आणि पेट्रोलही जास्त पिऊ लागली होती. मिस्त्रीला आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं की सायलेन्सर म्हणजे आवाजावर ठेवलेलं नुसतं झाकण नव्हे, टू-स्ट्रोकमध्ये तर मुळीच नव्हे. विहिरीत हाक मारली की तळाशी आपटून ती परत येते ना, तसंच त्या नळीत घडतं. इंजिनातून बाहेर पडलेला दाबाचा ठोका नळीतून धावतो. नळी जिथं रुंदावते तिथून तो ओढ होऊन मागे येतो आणि उरलेला धूर बाहेर खेचतो. पुढे नळी निमुळती होते, तिथून तो धक्का होऊन परततो आणि धुराबरोबर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-मिश्रण पुन्हा आत लोटतो. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात. नळीची लांबी आणि शेपटाचं तोंड यात फरक पडला की हा हिशेब विस्कटतो.

या हिशेबापायी एक माणूस देश सोडून पळाला. पूर्व जर्मनीत एमझेड नावाची मोटारसायकल कंपनी होती. तिथल्या वाल्टर काडेन या अभियंत्यानं १९५० च्या दशकात या नळीचं शास्त्र बसवलं आणि एवढ्याशा इंजिनांतून कुणाचा विश्वास बसणार नाही अशी ताकद काढली. एर्न्स्ट डेग्नर हा त्याचा शर्यतपटू. सप्टेंबर १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहून महिनाही उलटला असेल-नसेल, स्वीडनमधल्या शर्यतीनंतर डेग्नर परत गेलाच नाही. त्याच सुमारास बायको आणि मुलं मोटारीच्या डिकीत दडून पश्चिमेला आली. डेग्नर जपानला सुझुकीकडे गेला, डोक्यात काडेनची नळी घेऊन. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्यानं सुझुकीला पन्नास सीसी गटाचं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं. ते शास्त्र मग जपानी कारखान्यांत मुरलं. काडेन मात्र मागे राहिला. ज्याची विद्या गेली त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, हे मला नेहमी खटकतं.

असो. मोताळ्याकडे येतो.

त्या वर्षी देशभर पावसानं दगा दिला होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गावोगाव म्हशी, शेळ्या, बैलजोड्यांसाठी कर्जं वाटली गेली होती आणि थकबाकीचे तक्ते दर महिन्याला वरच्या कार्यालयात जात होते. वसुलीला मी जायचो. आणि जाळी काढल्यापासून माझ्या वसुलीचा आकडा असा घसरला की तक्ता पाठवायची लाज वाटावी. कारण कळायला मला बराच वेळ लागला. माझा आवाज गावाच्या अलीकडे दीड-दोन किलोमीटरवरूनच पोचायचा! मी जाईपर्यंत घरांना कड्या. ओट्यावर एखादी म्हातारी, "वावरात गेले सारे." एका गावात तर एक शेंबडं पोरगं "वसुली आली, वसुली आली" करत माझ्यापुढे पळायचं. शाखाधिकाऱ्यांनी एक दिवस बोलावून विचारलं, "तुम्ही वसुलीला जाता की दवंडी द्यायला?" त्याच संध्याकाळी जाळी परत बसली.

त्याच आठवड्यातली दुपार. गाडी बाभळीखाली लावून मी एका थकबाकीदाराच्या घरी पोचलो. या कानाचं त्या कानाला कळलं नाही. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, त्यावर टोप्या घातलेले चार पाहुणे, समोर पोह्यांच्या बशा आणि आतल्या दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली मुलगी. पाहण्याचा कार्यक्रम चालू होता. माझ्या हातात फाईल, तिच्यावर लाल शाईचा शेरा. घरधनी उठला. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, फाईलकडे पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "या सायेब, या! हे आपले बँकेचे सायेब. विहिरीसाठी कर्ज मांगतलं ना आपन, तं पाहनी कराले आले."

मी फाईल उलटी धरली. पोहे खाल्ले. नंतर तो मला विहीर दाखवायला घेऊन गेला. विहिरीत गुडघाभर पाणी होतं. काठावर उभं राहून तो हळूच म्हणाला, "सायेब, पयले तुमची गाडी वाजत होती थेच बरं होतं. मानसाले तोंड धुवाले टाइम भेटे."

मला उत्तर सुचलं नाही. मी विहिरीची लांबी, रुंदी, खोली विचारली आणि वहीत खरोखरच लिहून घेतली. ती सोयरीक जुळली की मोडली, ते मला ठाऊक नाही. विचारायला पुन्हा त्या घरी जायचं धाडस झालं नाही. १९९० मध्ये दहा हजार रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जांना माफी मिळाली, तेव्हा माझी बदली होऊन गेली होती. त्याचं खातं त्यात बसलं असावं, असं मी आपलं धरून चालतो. मोताळ्यात होतो तोवर मात्र एक केलं. कुठल्याही गावाच्या वेशीपाशी आलो की लांबलचक हॉर्न वाजवायचा आणि मग दोन मिनिटं थांबून आत जायचं. शाखाधिकाऱ्यांना हे कधीच कळलं नाही. वसुलीचा आकडा फारसा सुधारला नाही, हेही कबूल करतो.

तर मी त्या बुलेटवाल्या पोराला घरी बोलावलं. तो आला तो तयारीनं. "काका, कंपनीच्या बुलेटलाही ऐंशी डेसिबलची मुभा आहे." खरं आहे, १७५ सीसीवरच्या मोटारसायकलींना साडेसात मीटरवरून मोजून तेवढी मुभा आहे. पण डेसिबल ही काही किलो-लिटरसारखी सरळ चढणारी गोष्ट नव्हे. ऐंशीचे नव्वद झाले की आवाजातली ऊर्जा दहापट होते. शंभर झाले की शंभरपट. हे चक्रवाढ व्याजासारखं आहे म्हटल्यावर त्याला पटकन कळलं, हप्ते भरतोय ना. त्याच्या नळीला 'इंदोरी' म्हणतात म्हणे. तशी 'पंजाबी'ही मिळते. आत जवळजवळ पोकळच. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या गाड्यांत धुराच्या वाटेवर विषारी वायू मारणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनमसारखे महागडे धातू असतात. नळीच्या नादात तोही काढून फेकणारे मिस्त्री आहेत.

"मोठ्या गाड्यावाले पण बदलतातच की," तो म्हणाला. मोबाइलवर त्यानं मला लेक्सस दाखवली. टोयोटाची ही उंची मोटार. तिची एलएफए नावाची शर्यतीच्या जातीची गाडी २०१० ते २०१२ या काळात फक्त पाचशे बनली. दहा सिलिंडर, ४.८ लिटरचं इंजिन. आणि त्या इंजिनाच्या घडणीत, आवाज जुळवण्यात हात होता यामाहाचा, म्हणजे माझ्या पायपेटीवाल्यांचाच! इतकी वर्षं मी ज्यांना ओळखीचं समजत होतो, त्यांची ही बातमी मला या पोराकडून कळली. त्यानं तो आवाज ऐकवला. सुरेल आहे, नाही म्हणणार नाही. साध्या लेक्ससवाले मागची नळी काढून पोलादाची महागडी नळी बसवतात. पुढे महामार्गावर तासन् तास तिची घरघर कानात बसली की काही जण जुनी शोधत फिरतात, हेही त्यानंच सांगितलं. मी मात्र एलएफएची एक गोष्ट पकडून बसलो. तिच्या सायलेन्सरमध्ये एक पडदा आहे. इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजारांच्या आत असले की तो मिटलेला असतो, धूर लांबच्या वाटेनं जातो आणि गाडी गप्प असते. वर गेले की उघडतो.

"म्हणजे गल्लीत गप्प," मी म्हटलं.

तो हसला. मग मी मास्तरांच्या हाताचं सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. मास्तरांनी त्याला चौथीत शिकवलं होतं. तो बराच वेळ चहाचा रिकामा कप फिरवत राहिला.

"काका, एक अडचण आहे," तो म्हणाला. "वळणावर आवाज आला की आई तवा ठेवते. मी गाडी लावून हातपाय धुवेपर्यंत गरम भाकरी."

कंपनीचा सायलेन्सर त्यांच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. रविवारी आम्ही तो मिस्त्रीकडे नेला. आत कुंभारणीनं मातीचं घर केलं होतं, ते तारेनं खरवडून काढावं लागलं. बोल्ट आवळून झाल्यावर पोरानं गाडी सुरू केली. ती आपली डग डग डग करत उभी राहिली. त्याचा चेहरा उतरला. मी काही बोललो नाही, मला तो चेहरा ओळखीचा होता. वाटेत त्याला म्हटलं, वळणावर हॉर्न वाजवत जा, दोनदा, आखूड. रात्री दहानंतर निवासी भागात हॉर्नही वाजवायचा नसतो असा नियम आहे. तो त्याला सांगितला नाही. भरतीच्या अभ्यासात येईलच.

अर्जाचा अर्धा लिहिलेला मसुदा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. काल रात्री साडेदहाला वळणावर दोन आखूड हॉर्न झाले. कुत्री भुंकली, पण उठली नाहीत. थोड्या वेळानं पलीकडच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. तोही इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ऐकला.