लंगडणं थांबलं म्हणजे कुत्र्याचा पाय बरा झाला का?

पनवेलजवळच्या कोनमधल्या एखाद्या फ्लॅटचं चित्र डोळ्यांसमोर आणा. डॉग शोसाठी तयार होत असलेलं आठ महिन्यांचं जर्मन शेफर्ड गुळगुळीत टाइल्सवर घसरतं, दोन दिवस लंगडतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पळायला लागतं. घरच्यांना हायसं वाटतं. खरी गडबड इथूनच सुरू होऊ शकते.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात आणि हाड तिथूनच लांब होतं. लहान जातींमध्ये हा थर साधारण वर्षाच्या आत कडक होतो. मोठ्या जातींना १२ ते १८ महिनेही लागतात. तोपर्यंत पायातली सगळ्यात नाजूक जागा हीच. मोठ्या कुत्र्याचा नुसता पाय मुरगळेल एवढ्या धक्क्यानं पिल्लाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते.

पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. अल्नाची सुमारे ८५ टक्के वाढ मनगटाजवळच्या प्लेटमधून होते. ती प्लेट चेपली गेली तर अल्नाची वाढ थांबते, रेडियस मात्र वाढत राहतं. परिणामी पाय धनुष्यासारखा वाकतो आणि पंजा बाहेर वळतो. हे दिसायला काही आठवडे जातात. पहिल्या एक्स-रेमध्येही ही इजा दिसेलच असं नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढणं महत्त्वाचं.

उशिराची किंमत काय असते, हे रतन टाटांनी सांगितलं होतं. आपल्या कुत्र्याच्या सांध्यावर उपचारांसाठी ते त्याला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले. पण उशीर झाला होता आणि डॉक्टरांना तो सांधा एकाच स्थितीत पक्का करावा लागला. पुढे जुलै २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालं. परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल तर एकोणिसाव्या शतकापासून आहे. म्हणजे पनवेलकरांना त्यासाठी परदेश गाठायची गरज नाही.

पिल्लांची हाडं भराभर जुळतात, बरेचदा महिना-दोन महिन्यांत. अवघड असतं ते त्यांना शांत बसवणं. या काळात उड्या नाहीत, जिने नाहीत, शू-शीसाठीही पट्टा लावूनच बाहेर. घरात रबरी मॅट अंथरलेली बरी. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू चालणं वाढवायचं, जमल्यास पाण्यातला व्यायाम, कारण वापराअभावी पायाचा स्नायू बारीक झालेला असतो.

आपल्याकडे हमखास होणाऱ्या दोन गोष्टी मात्र टाळायला हव्यात. माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मनानं देऊ नये. कुत्र्यांच्या पोटाला, मूत्रपिंडाला आणि यकृताला त्यांनी गंभीर इजा होते. आणि 'हाड लवकर जुळेल' म्हणून वरून कॅल्शियमही नको. मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढच बिघडते.

शोची घाई असली तरी रिंगमध्ये काही लपत नाही. परीक्षक कुत्र्याला दुडक्या चालीनं पळवून पुढून, मागून आणि बाजूनं पाहतात. हीच तपासणी घरी मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये करता येते. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घेतो. डोकं असं वर-खाली होत असेल, तर पुढच्या शोचा फॉर्म भरण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यायची.