फुलात दबा धरून बसलेला कोळी

यवतमाळकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर आली की एखाद्या फुलावर मधमाशी बराच वेळ हलत नाही. फूल अलगद वाकवून आत पाहावं. माशी कधी मेलेली असते, आणि तिच्या मानेशी विषदंत रोवून बसलेली असते पांढरी किंवा पिवळसर, जेमतेम सेंटिमीटरभराची मादी. हा खेकडा-कोळी. पुढच्या पायांच्या दोन जोड्या लांब आणि चाल तिरपी, म्हणून हे नाव. नर इतका चिमुकला की त्याला तिचं पिल्लू समजतात.

‘कोळी म्हटला की जाळं’ हे इथे लागू पडत नाही. ही जाळं विणतच नाही, दबा धरते. रेशीम मात्र असतं, ते अंड्यांच्या पिशवीसाठी आणि पडताना लोंबकळायच्या दोरासाठी. शिकार फाडून खायला तिच्या जबड्यांना दात नाहीत. बारीक छिद्रातून ती आतलं सगळं शोषून घेते आणि माशीचं अख्खं टरफल फुलावर तसंच राहतं.

अंगावर फोड आले की ‘कोळी मुतला’ म्हणून लोक लेप लावतात. कोळ्यामुळे असे फोड येत नाहीत. रात्री दिव्याकडे येणारा एक लहानसा भुंगा अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. कधी ते फोड नागिणीचे असतात, म्हणजे विषाणूच्या आजाराचे. त्यावरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं बरं, तेव्हा लेपात वेळ घालवू नये. खेकडा-कोळ्याचं विष माशीपुरतं आहे, माणसाला त्याची भीती नाही.

सगळ्यात मोठा घोळ रंगाचा. ही क्षणात हवा तो रंग घेते, असं ठामपणे सांगितलं जातं. प्रत्यक्षात रंग बदलायला काही दिवस लागतात, आणि बदल मुख्यतः पांढरा ते पिवळा एवढाच. कातडीच्या पेशींत पिवळं रंगद्रव्य साठलं की ती पिवळी होते. ते ओसरलं की खालच्या ग्वानिन या द्रव्याच्या स्फटिकांमुळे पुन्हा पांढरी दिसते. निळी काही ती होत नाही.

बरं, हा रंग लपण्यासाठीच, हेही अर्धंच खरं. मधमाशीला अतिनील किरण दिसतात, आपल्याला नाही. थॉमिसस या वंशातल्या एका ऑस्ट्रेलियन जातीवरचं संशोधन २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलं. पांढऱ्या फुलावरची पांढरी मादी आपल्याला सापडत नाही, माशीला ती अतिनील प्रकाशात ठळक दिसते, आणि तरी (की म्हणूनच?) माश्या तिच्याच फुलाकडे जास्त वळल्या. आपल्या शेतातल्या फुलांवर दिसणारे खेकडा-कोळी बहुधा याच थॉमिसस वंशातले. कोळ्यांचे अभ्यासक बेनॉय कृष्ण टिकादार यांनी १९८० मध्ये भारतातल्या खेकडा-कोळ्यांच्या कुळावर ‘फॉना ऑफ इंडिया’चा अख्खा खंड लिहिला.

टिपेश्वर अभयारण्यात वाघासाठी जाणाऱ्यांनी थोडं खालीही पाहावं. गवतात मोनेझिस वंशाचा काडीसारखा लांबट खेकडा-कोळी पात्याला चिकटून पडलेला असतो. अशा गवताळ माळाला आपण खुशाल ‘पडीक’ म्हणतो.

उरला खेकडा-कोळ्याला दिला जाणारा ‘शेतकऱ्याचा मित्र’ हा किताब. तो मला जरा घाईचा वाटतो. ही किडी खाते, तशी परागीकरण करणाऱ्या मधमाश्याही खाते. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत असते, तिथे हिचे पाय पोचत नाहीत. फवारणीचं औषध मात्र हिच्यापर्यंत नक्की पोचतं, आणि २०१७ च्या हंगामात ते यवतमाळ जिल्ह्यातल्या फवारणाऱ्या माणसांपर्यंतही पोचलं होतं, अनेकांना विषबाधा झाली होती.