बासीतलं लोह, कुपीतले जिवाणू

रायपुरात उन्हं तापू लागली की सकाळच्या ताटात बासी येते. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत घालायचा आणि सकाळी मीठ टाकून गोंदली म्हणजे कांदा, हिरवी मिरची, अथान म्हणजे लोणचं यांच्यासोबत खायचा. त्याच दिवशीचा भात काही तास भिजला तर तो बोरे, रात्रभर भिजला की बासी. रायपूरच्या तात्यापारा भागातल्या मराठी घरांनाही ही चव परकी नाही. 2022 साली 1 मे रोजी, कामगार दिनी, छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं. शेतमजुराच्या अन्नाला मान मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. पण बासीच्या नावानं मोबाइलवर जे गुण फिरतात, त्यांतले काही दुरुस्त करायलाच हवेत.

सगळ्यांत घातक दावा लोहाचा आहे. 100 ग्रॅम भातातलं 3.4 मिलिग्रॅम लोह 12 तास आंबवल्यावर 73.91 मिलिग्रॅम होतं, असं सांगितलं जातं. हे शक्यच नाही. लोह हे मूलद्रव्य आहे, जिवाणू ते निर्माण करू शकत नाहीत. रात्री तांदळात, पाण्यात आणि भांड्यात मिळून जेवढं होतं, तेवढंच सकाळी असणार. आंबवण्यानं फार तर धान्यातलं फायटिक आम्ल काही प्रमाणात फुटतं. हे आम्ल लोहाला धरून ठेवतं, त्यामुळे ते कमी झालं की आहे ते लोह अंगी लागायला सोपं जातं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या एखादीनं या आकड्यावर विसंबून लोहाच्या गोळ्या सोडल्या तर काय, याची मला काळजी वाटते.

दुसरा समज असा, की बासी म्हणजेच प्रोबायोटिक. बासीच्या पाण्यात दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, तो आंबूसपणा त्यांचाच. पण जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, पुरेशा संख्येनं दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. घरच्या हंडीत कोणते जिवाणू आणि किती, हे कुणी मोजलेलं नसतं. छत्तीसगडच्या माणसाला ही गोष्ट धानावरून चटकन कळेल. सुगंधी भात हवा असेल तर आपण दुबराज घेतो, पोह्यांना महामाया. नुसतं ‘तांदूळ’ म्हणून भागत नाही. तसंच लॅक्टोबॅसिलस हे झालं घराणं, गुण असतो तो वाणात.

वाणाचं महत्त्व शेजारच्या ओडिशात दिसलं. तिथल्या खेड्यांतल्या 4,556 नवजात बाळांवर झालेला अभ्यास 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक ठरावीक वाण, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, सात दिवस दिला गेला. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ओढवलेल्या बाळांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. हे यश त्या वाणाचं, त्या मात्रेचं आणि वैद्यकीय देखरेखीचं आहे. तान्ह्या बाळाला घरी बासीचं पाणी चाटवायला त्यातून कसलाच आधार मिळत नाही.

अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेतलं की आतडं लवकर पूर्वपदावर येतं, हेही सरसकट खरं नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला काही वाण उपयोगी पडतात. मात्र इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या 2018 मधल्या एका छोट्या अभ्यासात, अनेक वाणांचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये आतड्यातले मूळचे जिवाणू परतायला उलट उशीर लागला. आणि लहान मुलाला जुलाब होत असतील तर आधी ओआरएस आणि झिंक. प्रोबायोटिकची कुपी ही त्यांची जागा घेऊ शकत नाही.

जिवाणूंबद्दलचा आणखी एक गैरसमज त्यांच्या संख्येचा: शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे वाक्य तर पाठ्यपुस्तकांतही होतं. 2016 मध्ये नव्यानं केलेल्या गणितात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आणि 30 लाख कोटी पेशी निघाल्या, म्हणजे जवळपास बरोबरीच. या सगळ्या जिवाणूंचं वजन भरतं जेमतेम 200 ग्रॅम.

मग बासीत चांगलं काय? शिजलेला भात गार झाला की त्यातल्या काही पिष्टाची घडण बदलते आणि ते लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. म्हणजे बासी बाहेरून जिवाणू आणते त्याहून, आत आहेत त्यांना जेवू घालते, हे मला जास्त मोलाचं वाटतं. डाळी, पालेभाज्या, ज्वारीची भाकरीही तेच काम करतात. दह्याचं मात्र लक्षात ठेवावं: ताकात जिवाणू जिवंत असतात, कढीला उकळी आली की मरतात.

एक धोका मात्र कुणी सांगत नाही. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवतानाही टिकतात. रायपूरच्या उकाड्यात भात तासन्‌तास तसाच राहिला तर ते वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. सकाळी फोडणीचा भात कितीही खमंग परतला तरी ते विष जात नाही. भात पसरून लवकर गार करावा, लगेच स्वच्छ पाण्यात भिजवावा आणि सकाळीच संपवावा. दुपारपर्यंत उरलेली बासी, विशेषतः गरोदर बाई, लहान मूल किंवा केमोथेरपी चालू असलेला माणूस घरात असेल तर, टाकून द्यावी.