कॅन्सर म्हणजे कॅन्सल?

31 ऑगस्ट 2025. घरोघरी गौरी आणायची गडबड आणि त्यातच अभिनेत्री प्रिया मराठे कर्करोगाने गेल्याची बातमी. वय 38. वडगाव, कामशेत, लोणावळा, संध्याकाळी मालिका लागते त्या प्रत्येक घरात हळहळ झाली. मग हळदीकुंकवाच्या बैठकीत ठेवणीतली वाक्यंही निघाली. ती ऐकत गप्प बसणं कठीण असतं.

पहिलं वाक्य ठरलेलं: ‘एवढ्या तरुण वयात कसा काय?’ कर्करोग म्हातारपणी जास्त होतो हे खरं. पण 15 ते 39 या वयोगटाचा विचार वैद्यकशास्त्र वेगळा करतं, कारण रक्ताचे, लसिकाग्रंथींचे, हाडांचे, अंडकोशाचे, थायरॉइडचे आणि स्तनांचे कर्करोग या वयातही आढळतात. घात होतो तो उशिरामुळे. पोरगा महिनाभर तापाने फणफणतो, वजन उतरतं आणि घरचे म्हणतात, भातलावणीत दमला असेल. गाठ दिसलीच तर ‘सुरी लागली की पसरतो’ म्हणून तुकडा काढू देत नाहीत. नीट केलेल्या बायोप्सीने रोग पसरत नाही, पण ती लांबवली तर उपचार नेमका कशावर करायचा हेच कळत नाही.

दुसरं वाक्य जास्त लागतं: ‘बरी झाली होती ना? मग परत कसा आला? पथ्य पाळलं नसेल.’ प्रियाचा चुलतभाऊ, अभिनेता सुबोध भावे यांनी ती गेल्यावर जे सांगितलं, त्यात या प्रश्नाचं उत्तर आहे. काही वर्षांपूर्वी निदान झालं, उपचार झाले, ती पुन्हा नाटक-मालिकांत रमली आणि ‘तुझेच मी गीत गात आहे’ चालू असताना आजाराने पुन्हा डोकं वर काढलं. 2023मध्ये तिने तब्येतीचं कारण देऊन ती मालिका सोडली. तिची खलनायिका मोनिका बघून दात-ओठ खाणाऱ्या प्रेक्षकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक करून देणं तिच्यावर बंधनकारकही नव्हतं. उपचारानंतर तपासणीत सापडणार नाहीत इतक्या थोड्या पेशी उरू शकतात. पुढे त्या वाढल्या तर त्यात रुग्णाने खाल्लेल्या लोणच्याचा दोष नसतो. वर्तमानपत्रांचं ‘झुंज अपयशी’ हे शीर्षकही मला त्याच पठडीतलं वाटतं. जणू अजून थोडा जोर लावला असता तर जमलं असतं! ‘पवित्र रिश्ता’ मालिकेतली वर्षा होऊन जी हिंदी घराघरांत पोचली, तिच्या नावापुढे अपयश हा शब्द छापताना हात थबकायला हवा होता.

निदान ते मृत्यू ही एक सरळ घसरगुंडी असते, या समजुतीतून ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ ही म्हण झाली. दीर्घकालीन रक्तकर्करोगाच्या एका प्रकारावर 2001मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली. पूर्वी ज्या आजारात चार-पाच वर्षं हाती असत, त्यात आज लोक रोजची गोळी घेत नोकरी, संसार करतात. सर्वच कर्करोगांत असं झालेलं नाही. पण काही पुढे सरकलेल्या कर्करोगांतही उपचार, विश्रांती, काम, पुन्हा उपचार असं जगणं वर्षानुवर्षं चालतं.

आता आमच्या भागाचा खास समज. ‘केमो कशाला, लोणावळ्याची हवा आणि प्राणायाम पुरे.’ 1924मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम उभारलं ते योगाला प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. तपासून घ्यायची ती शिस्त आपण विसरलो आणि हवा तेवढी लक्षात ठेवली. टाटा मेमोरियलने स्तनांचा कर्करोग झालेल्या 850 स्त्रियांवर योगाची चाचणी घेतली, 2022मध्ये निष्कर्ष मांडले. योग करणाऱ्या गटात रोगमुक्त जगण्याच्या बाबतीत 15 टक्के सापेक्ष सुधारणा दिसली. मात्र दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळत होते. योग त्यांच्या जोडीला होता.

‘पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.’ हाही गैरसमजच. वेदना, मळमळ, धाप, झोप यांवरचे हे उपचार पहिल्या दिवसापासून घेता येतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997पासून ते मोफत देतं.

‘परळच्या टाटाला जाणं आपल्याला कुठलं परवडायला?’ लोणावळ्याहून उपचारासाठी जाताना रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या एकाला सेकंड क्लासच्या तिकिटात 75 टक्के सवलत असते. ठरावीक नमुन्यात डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. बऱ्याच खर्चाला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे.

आणि एक, जे बैठकीत कुजबुजत बोललं जातं: ‘आता हिचं लग्न कसलं आणि मुलं कसली!’ काही औषधांनी व किरणांनी जननक्षमता जाऊ शकते, सगळ्यांनी जात नाही. पुरुषाचं वीर्य एक-दोन दिवसांत गोठवून ठेवता येतं, स्त्रीबीजांना साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून हे विचारायचं ते पहिलं सलाईन लागण्याआधी. आई-वडील संकोचतात, डॉक्टर घाईत असतात. तेव्हा ज्याचं शरीर आहे त्यानेच विचारावं, आई-वडिलांना हवं तर दोन मिनिटं बाहेर बसवून.